आईची भिशीची वही

पत्र:

माझी आई ७० वर्षांची आहे. चिपळूणला भाऊ-वहिनीबरोबर राहते, मी ठाण्यात असते. गेली बावीस वर्षं ती आळीतल्या बारा जणींची भिशी चालवते. दिवाळीनंतरच्या भिशीत एकाच काकूंची चिठ्ठी दुसऱ्यांदा निघाली, कारण आधी लागलेल्या नावावर काट मारायची आई विसरली होती. फोनवर ‘तू कधी येणार?’ हे दहा मिनिटांत तीनदा विचारते. मध्यंतरी हातातली पाटली सापडेना, तेव्हा कामाच्या मावशींवर आळ घेतला. पाटली तांदळाच्या डब्यात निघाली. कपाटाच्या दाराला आतून तिने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘गॅस’, ‘गोळी’, नातवंडांची नावं. भाऊ म्हणतो, साठी बुद्धी नाठी, त्यात काय एवढं. कोयनेच्या भूकंपाची पहाट ती अजून जशीच्या तशी सांगते, मग स्मरणशक्ती गेली कुठे? वहिनी या विषयावर काहीच बोलत नाही.

आईला मधुमेह आहे, दहा-बारा वर्षं गोळी चालू आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती झोपेची अर्धी गोळी घेते. मासे सोडलेत. टीव्ही इतका मोठा लावते की शेजारी ऐकू जातो. गणपतीत न्हाणीत घसरली होती, पण टेंगूळ आलं तेवढंच. मी तिच्या मोबाइलवर सुडोकू घालून दिलं, ब्राह्मीचं सिरप पाठवलं. दोन्हींना ती हात लावत नाही. हा अल्झायमर आहे का? डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर ती चिडेल. तिला ठाण्याला घेऊन येऊ का?

– एक मुलगी, ठाणे

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना मी अडले ती कपाटाच्या दारापाशी. ज्या गोष्टीने तुम्ही दिवाळीनंतर घाबरलात, ती तुमच्या आईंना कधीची ठाऊक आहे. दार उघडल्याशिवाय दिसणार नाहीत अशा जागी त्या चिठ्ठ्या आहेत. आपलं काहीतरी निसटतंय हे त्यांना कळतंय, ते कुणाला कळू नये म्हणून त्या धडपडताहेत आणि हे सगळं एकट्याने चाललंय. तेव्हा ‘ती चिडेल’ ही तुमची भीती खरी असली, तरी त्या चिडण्यामागे सुटकाही असेल. त्याकडे पुढे येते.

आधी तुमच्या भावाचं म्हणणं घेऊ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचा राग येतो. या एका म्हणीपायी माणसं दोन-दोन, तीन-तीन वर्षं उशिरा येतात. भारतातल्या साठीपुढच्या लोकांची जी मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले: डिमेन्शियाचं, म्हणजे रोजचं जगणं अडावं इतकी स्मरणशक्ती आणि समज घसरण्याचं, प्रमाण ७.४ टक्के (अल्झायमर हे त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण). देशभरात ही माणसं ८८ लाखांच्या घरात जातात, म्हणून संख्या मोठी दिसते. पण तोच आकडा उलटा वाचा. साठी ओलांडलेल्या शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक जणांना डिमेन्शिया नाही. म्हणजे वय झालं की बुद्धी जातेच असं नाही, आणि जात असेल तर वयाच्या नावावर खपवायचं कारण नाही.

वयाने वेग कमी होतो, हे खरं. शेजारच्या सुनेचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि भाजी चिरताना आठवतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या आईंचं मला तसं वाटत नाही. भिशी चालवणं वाटतं तितकं साधं नाही. कुणाची लागली, कुणाचे पैसे आले, कुणी पुढच्या महिन्यावर ढकलले, हे सगळं एकदम डोक्यात धरावं लागतं. बावीस वर्षं हातात मुरलेल्या अशाच कामात पहिली चूक दिसते. रोजचा वरणभात अजून नीट होत असतो. तेव्हा आईंची तुलना आळीतल्या दुसऱ्या सत्तरीच्या बाईशी करू नका. पाच वर्षांपूर्वीच्या त्यांच्याशीच करा.

आणि कोयनेचा भूकंप? ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. आई तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या असतील. ती आठवण त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं सांगून सांगून मेंदूत खोलवर पक्की केली आहे. नवी गोष्ट टिपून ठेवायचं काम मेंदूच्या आतल्या बाजूचा एक छोटा भाग करतो, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. अल्झायमरसारख्या आजारात त्याच्या आसपास बिघाड लवकर सुरू होतो. जुनं शाबूत राहतं आणि सकाळचं टिपलंच जात नाही. ‘तू कधी येणार?’ याचं उत्तर आई विसरल्या असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते उत्तर आत उतरलेलंच नसतं. म्हणून ‘आत्ताच तर सांगितलं!’ असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी तुम्ही पहिल्यांदाच सांगत असता.

पाटलीचंही तसंच. वस्तू आपण ठेवली ही आठवण नाही आणि वस्तू तर जागेवर नाही, मग मेंदू ती रिकामी जागा स्वतःच भरतो: कुणीतरी घेतली. यात दुष्टावा नाही. मावशींची मात्र तुम्ही जाऊन माफी मागा. वर्षानुवर्षं घरात वावरणाऱ्या बाईवर चोरीचा आळ आला की तो मनाला फार लागतो.

हा अल्झायमर आहे का, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि कुणीही सांगू नये. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या काही वाक्यांशी मी जास्त वेळ थांबले: मधुमेहाची गोळी, सोडलेले मासे, झोपेची अर्धी गोळी, मोठा टीव्ही आणि न्हाणीतलं पडणं. यातली प्रत्येक गोष्ट एकटीने विसरभोळेपणा आणू शकते किंवा असलेला वाढवू शकते. आणि प्रत्येकीवर काहीतरी करता येतं.

सगळ्यात आधी पडणं, कारण त्याची तपासणी लांबवून चालणार नाही. वयाने मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही त्यातली एखादी झिरपू लागते आणि मेंदू व आवरणाच्या मध्ये रक्त हळूहळू, आठवडेच्या आठवडे साठत राहतं. त्या दिवशी फक्त टेंगूळ दिसतं. दोन महिन्यांनी माणूस गोंधळतो, सुस्तावतो, चालताना एका बाजूला जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ही शक्यता वाढते. सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं, आणि निघालं तर कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढता येतं. पडणं गणपतीतलं आणि भिशीतली चूक दिवाळीनंतरची, हा क्रम मला स्वस्थ बसू देत नाही. कदाचित काही निघणारही नाही. पण हा स्कॅन याच आठवड्यात करून घ्या.

मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन असेल, आणि इतक्या वर्षांची म्हणजे बहुधा तीच असेल, तर तिने शरीरातलं बी-१२ हे जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं. त्यात ते ज्यातून मिळतं ते मासेही दोन वर्षं बंद. बी-१२ फार उतरलं की विसर पडतो, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. रक्ताच्या एका तपासणीत हे कळतं, आणि इंजेक्शनं महाग नाहीत. कमतरता फार जुनी असेल तर सगळं भरून येतंच असं नाही, म्हणूनच लवकर. त्याच रक्तात थायरॉइड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, किडनी-लिव्हर बघून घ्या. मधुमेहाच्या इतर काही गोळ्यांनी साखर अवेळी खाली जाते आणि तेव्हाही माणूस भांबावतो.

झोपेच्या गोळीने दिवसाही डोकं जड राहतं, लक्ष लागत नाही, आणि रात्री उठल्यावर तोल जातो. न्हाणीतल्या पडण्यात तिचा हात असू शकतो. मात्र ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. रोजची सवय झालेली गोळी अचानक तोडली तर त्रास होतो, क्वचित झटकेही येतात. डॉक्टर ती पायरीपायरीने उतरवतील. सर्दीची गोळी, वारंवार लघवी होते म्हणून दिलेली गोळी, अशा साध्या वाटणाऱ्या काही औषधांनीही म्हाताऱ्या मेंदूवर धुकं येतं. म्हणून जाताना घरातली सगळी औषधं, दुकानातून परस्पर आणलेली आणि काढे-चूर्णंसुद्धा, एका पिशवीत भरून न्या. आणि बाबा गेल्याचं दुःख अजून तिथेच असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. उतारवयातलं नैराश्य विसराळूपणाचं रूप घेऊन येतं, आणि त्याला उपचार आहेत.

कानाचं मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण आपल्याकडे चष्म्याची लाज वाटत नाही आणि श्रवणयंत्राची वाटते. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठून जातो आणि एकटा पडतो. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं एक अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. सरसकट सगळ्यांत श्रवणयंत्राने फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. मधुमेही, सत्तरीच्या, विसर पडू लागलेल्या बाईच्या बाबतीत मी याकडे दुर्लक्ष करणार नाही. आधी कानात मळ साचलाय का तेवढं बघा. कधी कधी गोष्ट तिथेच मिटते. आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकला असेल तर तोही काढून घ्या.

आता वहिनी. त्या काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंत, त्यात थोडी तक्रार मला ऐकू आली. पण बघा, सासूबाईंचं बिनसतंय हे घरात सगळ्यांत आधी सुनेलाच दिसतं. आमटीत मीठ दोनदा पडलं, गॅस तसाच राहिला, हे तिच्यासमोर घडतं. आणि तिनेच ते बोलता कामा नये, कारण बोलली की ‘माझ्या आईला वेडी ठरवतेस?’ असं होतं. त्यांना एकटीला फोन करा. भाऊ घरी नसताना. ‘वहिनी, तुम्ही जे बघताय ते मला सांगा, मी ऐकून घेईन,’ एवढंच म्हणा आणि मग खरंच मध्ये बोलू नका. विशेषतः विचारा, हे गणपतीच्या आधीपासून होतं की नंतर सुरू झालं. त्या सांगतील ते सगळं तारखांसकट एका कागदावर लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना आधीच, आईंच्या नकळत नव्हे पण त्यांच्या तोंडावर वाचून न दाखवता, द्या. डॉक्टरांसमोर दहा मिनिटं माणूस इतका छान बोलतो की बरोबर आलेला मुलगाच खोटा पडतो.

आईंना फसवून नेऊ नका. ‘साखर तपासायला’ म्हणून नेलं आणि तिथे कुणी स्मरणशक्ती तपासायला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर त्या तुमच्यावरचा विश्वास गमावतील, आणि पुढच्या वर्षांत तोच लागणार आहे. चिपळूणला जा. दुपारी दोघी एकट्या असताना, हाताला काहीतरी काम असताना, लसूण सोलताना म्हणा, बोला. ‘आई, कपाटातल्या चिठ्ठ्या मी बघितल्या. तू एकटीने किती दिवस सांभाळणार? डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येते.’ मग थांबा. त्या रडतील, रागावतील किंवा उठून जातील. त्याच दिवशी हो म्हणवून घेण्याचा हट्ट नको. फक्त स्कॅनपुरती वाट पाहू नका. ‘पडली होतीस, डोकं एकदा बघून घेऊ’ हे कारण खरंच आहे, त्यात फसवणूक नाही.

तपासणीत तारीख-वार विचारतील, काही शब्द लक्षात ठेवून पाच मिनिटांनी सांगायला लावतील, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतील. या चाचण्या शाळेची परीक्षा नव्हेत, आणि गुण मोजणाऱ्यालाही समज लागते. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. तारीख विचारली तर सांगता येईना. मी गुण कापणार तेवढ्यात म्हणाल्या, ‘आज संकष्टी आहे, चंद्रोदय झाल्याशिवाय मी जेवायची नाही.’ संकष्टीच होती. त्यांचा काळ शाबूत होता, कॅलेंडर फक्त वेगळं होतं. तेव्हा डॉक्टर मराठीतून, आईंच्या जगण्याला धरून बोलणारे असले तर बरं. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जा. चिपळूणहून कराड वा रत्नागिरी जवळ, तुमच्याकडे यायच्याच असल्या तर मुंबई आहेच.

सगळं तपासून कदाचित डॉक्टर ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असं म्हणतील. म्हणजे घसरण आहे, पण रोजचं जगणं अजून स्वतःचं स्वतः चाललंय. यातले काही जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही सुधारतात, आणि मेमरी क्लिनिकमध्ये येणाऱ्यांपैकी शंभरातले दहा-पंधरा जण दर वर्षी डिमेन्शियाकडे जातात. अल्झायमर निघाला तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही काळ थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे ‘खात्रीशीर इलाज’ विकणाऱ्यांच्या दारात तुम्ही उभ्या राहणार नाही.

एक मात्र वेगळं. एक-दोन दिवसांत एकाएकी आई बरळू लागल्या, माणसं ओळखेनात, झोपून राहू लागल्या, तर तो विसराळूपणा नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर उतरणं, अर्धांगवायू, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुडोकू काढून टाका. तुम्ही प्रेमाने दिलंत, पण आईंना ते रोजचं नापास होणं वाटत असणार. ब्राह्मीने विसरलेलं परत येतं असा भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, रोज अर्धा-पाऊण तास चालणं होऊ द्या, आणि माणसांत मिसळणं तुटू देऊ नका. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला होता, त्याचे निकाल २०१५ साली आले. आहार, व्यायाम, मेंदूला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे सगळं एकत्र करणाऱ्यांची बुद्धी इतरांपेक्षा थोडी जास्त टिकली. थोडीच, पण टिकली.

आणि घरात कुणीही आईंची परीक्षा घेऊ नका. ‘ओळख बघू, कोण आलंय?’ हे वाक्य बंद. माझ्या वडिलांना विसर पडू लागला तेव्हा मी स्वतः डॉक्टर असून पाहुण्यांसमोर त्यांना हेच विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्यासारखं केलं, आणि ‘जरा आत पडतो’ म्हणून उठून गेले. त्यानंतर पाहुणे आले की ते बाहेर येईनासे झाले. पाहुण्याने आल्या आल्या ‘मी अमक्याचा मुलगा’ असं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्हीही फोनवर आधी नाव सांगा, कितव्यांदा विचारलं ते मोजू नका. ‘शनिवारी येतेय’ हे वहिनींना कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगा. आईंना फोनवर म्हणा, ‘जरा कॅलेंडर बघ ना.’

ठाण्याला आणू नका, निदान आत्ता नको. चिपळूणच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे आहे ते त्यांच्या हाताला माहीत आहे. तुमच्या घरात दिव्याचं बटणही शोधावं लागेल, आणि जे आज झाकून नेता येतंय ते तिथे उघडं पडेल. भावावर आणि वहिनींवर भार पडतोय तो वाटून घ्यायचा असेल, तर तुम्ही महिन्यातून चार दिवस तिकडे जा आणि वहिनींना तेवढे दिवस मोकळं करा.

पैशाअडक्याचं आईंना विचारून आत्ताच मार्गी लावा, कारण आत्ता त्यांचं मत त्यांना सांगता येतंय. खात्यावर दुसरं नाव, वारसाची नोंद, मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार आणि त्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. साध्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की कायद्याने ते संपतं, म्हणजे नेमकं लागेल तेव्हा उपयोगाचं नाही. २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घरातले कागद भिजले असतील तर त्यांच्या नकलाही याच वेळी काढून घ्या. कुठला कागद कशाचा, हे आज आईच सांगू शकतील.

राहिली भिशी. ती काढून घ्यायचा विचार घरात सुरू झाला असेल, तर थांबवा. आळीतल्या एखाद्या विश्वासातल्या काकूंना आईंच्या शेजारी बसायला सांगा. चिठ्ठी आईच उचलतील, नाव आईच वाचतील, काट मारली का ते काकू बघतील. आणि आईंची हरकत नसेल तर डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर घ्या. गेल्या वर्षाची पानं आणि या वर्षाची पानं शेजारी शेजारी उघडून दाखवा. कुठल्या महिन्यापासून आकडे हलले, अक्षर बदललं, ते कुठल्याही चाचणीपेक्षा त्या वहीत नीट दिसेल.